विलंबाचा हिशेब कोण ठेवतो?

३ जून २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एक ज्ञापन काढले. सरकारी खरेदीच्या आणि बांधकामांच्या करारांत, विशेषतः मोठ्या करारांत, लवादाचे कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी पक्षांनी नेमलेल्या तिऱ्हाइताकडून निकाली काढण्याची अट, केवळ सवयीने घालू नये, साधारणपणे १० कोटी रुपयांहून कमी रकमेच्या वादांपुरतेच ते ठेवावे आणि बाकी वाद मध्यस्थीने किंवा न्यायालयात सोडवावेत, असा त्याचा आशय आहे. तेव्हापासून या विषयावर जी चर्चा चालली आहे ती दोन तटांत वाटली गेली आहे. लवाद म्हणजे सरकारी तिजोरीला पडलेले भगदाड, असे एक तट म्हणतो. आपल्याच चुकांची किंमत मोजावी लागते म्हणून सरकारला लवाद नकोसा झाला आहे, असे दुसरा तट म्हणतो. दोघांचेही भांडण निवाडा कोणी करावा याच्याभोवती फिरत राहते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. निवाडा करणारा न्यायाधीश असो, लवाद असो की मध्यस्थ, काम का रखडले आणि खर्च कोणामुळे वाढला हे त्याने ठरवायचे ते कशाच्या आधारावर? माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक मोठ्या सार्वजनिक बांधकामावर विलंबाचे आणि खर्चाचे मोजमाप करणारा स्वतंत्र तज्ज्ञ काम सुरू होण्याच्या दिवसापासून असला पाहिजे, आणि त्याची नेमणूक दोन्ही पक्षांनी मिळून केली पाहिजे. आज हा तज्ज्ञ येतो तो काम संपल्यावर, नाती तुटल्यावर आणि दावा दाखल झाल्यावर. बैल गेला नि झोपा केला, अशातला हा प्रकार आहे.

या तज्ज्ञाचे काम नेमके काय, हे फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, खाडीवरच्या एका पुलाचे काम पावसाळा धरून २४ महिन्यांत करायचे आहे. पाचव्या खांबाच्या जागेवरून उच्चदाबाची वीजवाहिनी जाते आणि ती हलवून घ्यायला खात्याला ७ महिने जास्त लागतात. त्याच काळात कंत्राटदाराचे गर्डर, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळया, ओतण्याचे यार्ड ५ महिने उशिरा उभे राहते. पूल अखेर ३६ व्या महिन्यात पुरा होतो. कंत्राटदार बाराही महिन्यांचे रिकाम्या यंत्रांचे भाडे, ऑफिसचा खर्च आणि भाववाढ मागतो. खाते बाराही महिन्यांचा दंड लावते. सात आणि पाच मिळून बारा, हा हिशेब वरवर बरोबर दिसतो. पण दोन्ही विलंब एकाच काळात चालू होते, तेव्हा त्यांची बेरीज होऊ शकत नाही. मग उरलेले महिने गेले कुठे? नीट तपासले तर दिसते की सात महिने घसरल्यामुळे पाचव्या खांबाच्या पायाचे काम नेमके जूनच्या तोंडाशी आले आणि पुढचे चार महिने खाडीत उतरताच आले नाही. म्हणजे सातांचे अकरा झाले ते पावसामुळे, आणि पाऊस गाठला तो वीजवाहिनीमुळे. यार्ड उशिरा झाले खरे, पण त्याने पूल थांबला नाही, कारण ते तयार झाले तेव्हाही पाचवा खांब उभाच नव्हता. म्हणून या अकरा महिन्यांचा दंड कंत्राटदाराला लागत नाही; उरलेल्या एका महिन्याचे कारण वेगळे शोधावे लागेल. पण जे यार्ड उभेच राहिले नव्हते ते ‘रिकामे बसले’ म्हणून त्याचे पाच महिन्यांचे पैसेही त्याला मागता येत नाहीत. कोणत्या कामावाचून पुढचे कोणते काम अडते, याची साखळी मांडून कामाचा शेवट ठरवणारी वाट शोधण्याची ही रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी बसवली. आज आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या निविदेत तिचा उल्लेख असतो. कामाच्या पहिल्या महिन्यात भिंतभर बार चार्ट लागतो, आणि बहुतेक साइटवर तो पुढे कधीच दुरुस्त होत नाही.

अशा दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे. एका रस्त्याच्या दाव्यात कंत्राटदाराने अडथळ्यांची नोंदवही, म्हणजे हिंडरन्स रजिस्टर, पुरावा म्हणून दिले होते. दोन वर्षांच्या नोंदी एकाच निळ्या बॉलपेनने, एकाच वळणाच्या अक्षरात होत्या. पानांवर धूळ नाही, घामाचा डाग नाही, पावसाळ्यातल्या नोंदींचे कागदही करकरीत. प्रत्येक पानावर शाखा अभियंत्याची सही होती, आणि त्यातल्या शेवटच्या कित्येक तारखांच्या आधीच हे गृहस्थ दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेले होते. त्याच गठ्ठ्यात तळाशी गेटवरच्या वॉचमनची वही सापडली. कडा तेलकट झालेल्या, शाई पुसट, अक्षर अडखळते. पण ज्या दोन महिन्यांत काम पूर्ण बंद असल्याचा दावा होता त्या दोन महिन्यांत रोज मुरमाचे डंपर आत आल्याची नोंद गाडीच्या नंबरासह तिच्यात होती. खात्याची बाजूही काही स्वच्छ नव्हती. नकाशे वेळेवर दिले असे सांगणाऱ्या पत्रावर जी तारीख होती तिच्यानंतर सात आठवड्यांनी ते कंत्राटदाराच्या ऑफिसात पोचल्याचा आवक शिक्का होता. दोन्ही पक्षांचे निष्णात वकील चार वर्षे युक्तिवाद करत होते आणि खरे सांगणारा एकच कागद वॉचमनने लिहिलेला होता. मला तेव्हा संताप आला तो कुणा एकाचा नाही. ज्या कामावर जनतेचे एवढे पैसे खर्च झाले, त्याच्या इतिहासाची जबाबदारी कोणीच घेतली नव्हती, याचा आला.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे मान्य केले पाहिजेत. लवादाबद्दलची चीड निराधार नाही. दिल्ली विमानतळ मेट्रोच्या प्रकरणात मे २०१७ मध्ये लवादाने दिल्ली मेट्रोविरुद्ध सुमारे २,७८२ कोटी रुपये आणि त्यावर व्याज असा निवाडा दिला. व्याज चढत जाऊन रक्कम काही हजार कोटींनी फुगली. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो निवाडा कायम ठेवला, खंडपीठाने फिरवला, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा उभा केला आणि १० एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने सुधारात्मक याचिकेत, म्हणजे स्वतःच्याच अंतिम निकालाच्या अखेरच्या फेरविचारात, रद्द केला. इतकी वळणे पाहिल्यावर सरकारी अधिकारी लवादाच्या नावाने हात जोडत असतील तर त्यांना दोष कसा द्यावा? पण या प्रकरणाच्या मुळाशी काय होते ते पाहा. मेट्रोच्या बांधकामातले दोष ठरलेल्या मुदतीत दूर झाले की नाही, हा तो प्रश्न होता. मार्ग चालवण्यास योग्य असल्याचे मेट्रो सुरक्षा आयुक्तांचे जानेवारी २०१३ चे प्रमाणपत्र लवादाने विचारात घेतले नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने निवाडा मोडला. म्हणजे गर्डरच्या आणि बेअरिंगच्या दुरुस्तीचा जो प्रश्न पुलाखाली उभे राहून काही आठवड्यांत तपासता आला असता, तो अकरा वर्षे कायद्याच्या भाषेत घोळवला गेला. यात लवादाच्या जागी दिवाणी न्यायालय असते तर गर्डर अधिक लवकर तपासले गेले असते का?

त्याच ज्ञापनात एक कबुलीही आहे आणि तिच्याकडे दोन्ही तटांनी दुर्लक्ष केले आहे. सरकारी अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात, त्यामुळे लवादापुढे सरकारची बाजू मांडणाऱ्यांची प्रकरणाची माहिती खाजगी पक्षाच्या माहितीइतकी सखोल नसते, असे त्यात म्हटले आहे. हे अगदी खरे आहे. आणि खरे असेल तर न्यायालयात गेल्याने ते बदलणार कसे? तिथेही तोच बदलून आलेला कार्यकारी अभियंता उभा राहणार, त्याच्या हाती तीच अर्धवट फाइल असणार. फरक इतकाच की तारखा अधिक लांब पडतील. रोग नोंदींचा आहे आणि उपचार न्यायपीठाच्या बदलाचा चालला आहे.

दुसरा आक्षेप माझ्या पेशावरच आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. तज्ज्ञ विकत मिळतात, असे लोक म्हणतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, या न्यायाने कंत्राटदाराचा तज्ज्ञ सारा विलंब खात्याच्या माथी मारतो आणि खात्याचा तज्ज्ञ कंत्राटदाराच्या. दोघांकडे तीच प्रणाली, तेच रंगीत तक्ते, आणि उत्तरे मात्र परस्परविरुद्ध. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि नाकारणार नाही. यावरचा सर्वांत स्पष्ट धडा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. मुंबईत हिंदुस्तान पेट्रोलियमसाठी सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभारण्याचे १९९२ चे ते कंत्राट होते आणि बाटलीबॉय एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर्सने विलंबामुळे बुडालेला नफा आणि वरकड खर्च मागितला होता. वरकड खर्च आणि नफा यांचा टक्का कराराच्या दरमहा पडणाऱ्या रकमेला लावून विलंबाच्या महिन्यांशी गुणायचे, असे सूत्र हडसन या नावाने प्रसिद्ध आहे, आणि लवादाने त्याच्या आधारे रक्कम ठरवली होती. न्यायालयाने सांगितले की सूत्र हे पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. प्रत्यक्ष नुकसान झाले हे आधी दाखवावे लागते, आणि एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मोजता येत नाही. कंत्राटानंतर ३१ वर्षांनी आलेला हा निर्णय माझ्या पेशातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे, कारण आमच्यातले बरेच जण सूत्राच्या आडोशाला उभे राहून जगतात.

पण यावरून तज्ज्ञच नको, हा निष्कर्ष निघतो का? विकला जाणारा तज्ज्ञ तयार होतो तो त्याला एका पक्षाने, एका पक्षाच्या पैशाने आणि सगळे घडून गेल्यावर बोलावल्यामुळे. इंग्लंडमध्ये १९९९ साली दिवाणी न्यायाचे नियम बदलले तेव्हा तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य न्यायालयाशी आहे, पैसे देणाऱ्याशी नाही, हे नियमातच लिहिले गेले आणि दोन्ही पक्षांनी मिळून एकच तज्ज्ञ नेमण्याची सोय झाली. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यातही २६ व्या कलमान्वये लवाद स्वतः तज्ज्ञ नेमू शकतो, त्याच्याकडून अहवाल मागवू शकतो आणि पक्षांना त्याची उलटतपासणी घेता येते. सोय असूनही व्यवहारात तिचा उपयोग क्वचितच होतो. आणि घटना घडत असताना लिहिले गेलेले पान कुणाला विकायचे म्हटले तरी विकणार कसे? त्या दिवशी वीजवाहिनी होती की नव्हती, हे दोघांच्या डोळ्यांसमोर असते. खोटेपणाला जागा मिळते ती आठवणी पुसट झाल्यावर.

दीडशे वर्षांमागे बोरघाटात हेच घडले होते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने खंडाळ्याच्या चढाचे काम १८५५-५६ मध्ये विल्यम फेव्हिएल या कंत्राटदाराला दिले. घाटातल्या खडकाने वेग खाल्ला, मजुरांचे पैसे थकले, आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उठाव झाला; फेव्हिएलने त्याच वर्षी काम सोडले. नंतर सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात पोचून थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने अभियंते हाताशी धरून ते कंत्राट तडीस नेले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. या कहाणीतले बोगदे आणि कमानी आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र तिच्यातले १८५९ हे वर्ष आठवत राहते. कंपनी आणि कंत्राटदार यांच्यात विलंबाचा आणि पैशाचा गुंता झाला की पहिला फटका बसतो तो ज्याच्या हाती ना करार असतो ना वकील त्या माणसाला. आजही आरए बिल, म्हणजे चालू कामाचे टप्प्याटप्प्याने मिळणारे बिल, अडकले की आधी मुकादमाचे पैसे थांबतात, मग सेंट्रिंगवाल्याचे, आणि मग आठवड्याच्या बाजारासाठी उचल मागणाऱ्या मजुराचे. दावा जिंकून दहा वर्षांनी व्याजासह रक्कम मिळाली तर ती या माणसांपर्यंत पोचत नाही. म्हणूनच वादाचे उत्तर वेळेत मिळणे हा माझ्या लेखी कंत्राटदारांच्या सोयीचा प्रश्न नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार आधीच असतो, त्याच्यावर आणखी एक तज्ज्ञ कशाला? कारण हा सल्लागार मालकाचा, म्हणजे खात्याचा, माणूस असतो. नकाशे मंजूर करायला उशीर कोणी केला, हा विलंबातला नेहमीचा प्रश्न, आणि अनेकदा त्याचे उत्तर ‘सल्लागाराने’ असेच असते. स्वतःच्याच चुकीची नोंद त्याने स्वतः ठेवावी, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांच्या करारांत खात्यातल्याच वरिष्ठ अभियंत्याचा निर्णय अंतिम मानण्याची जी जुनी रीत होती, तिच्यातही हाच दोष होता. एका पक्षाने निवाडा करणारा एकतर्फी ठरवणे समन्यायाला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. मोजमाप करणाऱ्यालाही तोच न्याय लावला पाहिजे.

चौथा मुद्दा बहुतेक अनुभवी अधिकारी मांडतात आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडची कामे भूसंपादन, वनखात्याची परवानगी, पुनर्वसन आणि निधीची चणचण यांमुळे रखडतात. तज्ज्ञ तिथे काय करणार? भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर होणाऱ्या गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये ३७२ कोटींची मान्यता मिळाली होती आणि नंतरच्या सुधारित मान्यतेत हा आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. तज्ज्ञ असता म्हणून जमीन लवकर मिळाली असती, असे मी म्हणणार नाही. पण या वाढीतला किती भाग महागाईचा, किती वाढलेल्या व्याप्तीचा, किती पुनर्वसनाचा आणि किती निव्वळ गलथानपणाचा, हे वेगवेगळे करून दरवर्षी लोकांसमोर आले असते तर? राज्यातल्या सिंचनकामांची तपासणी करायला माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमावे लागले तेव्हा कित्येक कामांना दशके उलटून गेली होती. मुंबईत वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोची किंमत करारात २,३५६ कोटी होती आणि चालवणाऱ्या कंपनीने ती ४,३२१ कोटींवर गेल्याचे सांगितले. मेट्रो २०१४ मध्ये धावू लागली, आणि ही वाढ कोणी सोसावी यावरचा लवादाचा निवाडा २०२३ मध्ये आला. मधल्या काळात भाड्यावरूनही वाद झाले, आणि भाडे देणाऱ्या प्रवाशाला त्या दोन आकड्यांमधले अंतर कशाचे हे कोणी समजावून सांगितले नाही. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या मार्च २०२४ च्या अहवालात १५० कोटींहून मोठ्या १,८७३ प्रकल्पांपैकी ७७९ रखडलेले आणि ४४९ खर्च वाढलेले दिसतात. ही वाढ ५ लाख कोटींच्या वर आहे. त्याच अहवालात भूसंपादन, परवानग्या, निधी अशी कारणांची यादी येते. कोणत्या कारणाने किती महिने खाल्ले हे मात्र त्या यादीतून कळत नाही. कारण माहीत असणे आणि कारण मोजलेले असणे, यांत हिशेबाचा सारा फरक आहे.

यातले काही अशक्य आहे असेही नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्याच्या पहिल्या नळीच्या कामात वेळ आणि पैसा अतोनात गेला, तेव्हा १९७५ मध्ये दुसऱ्या नळीसाठी दोन्ही पक्षांना मान्य असलेले तज्ज्ञांचे मंडळ काम सुरू होतानाच नेमले गेले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने बांधकामातल्या वादावर २८ दिवसांत तात्पुरता बंधनकारक निर्णय मिळण्याची सोय केली; अंतिम लढाई नंतर लढता येते, पण तोवर काम आणि पैसा थांबत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे ५५ वे कलमही हेच सुचवते, कारण उशिरा झालेले काम स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा त्याच वेळी कळवला नाही तर ती नंतर मागता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने स्वतंत्र तज्ज्ञांच्या सलोखा समित्या नेमल्या आहेत. ज्या ज्ञापनाने लवाद आवळला त्यानेही निवृत्त न्यायाधीश, निवृत्त वरिष्ठ अधिकारी आणि तांत्रिक तज्ज्ञ यांची उच्चस्तरीय समिती सुचवली आहे. दिशा योग्य आहे. फक्त ही समिती वाद पेटल्यावर बसणार आहे, आणि तिच्यासमोर पुन्हा तोच करकरीत कागदांचा गठ्ठा येणार आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. १०० कोटींवरच्या प्रत्येक सार्वजनिक कामात निविदेतच संयुक्त तज्ज्ञाची तरतूद असावी, त्याचे मानधन दोघांनी निम्मे-निम्मे द्यावे आणि दर महिन्याला त्याने एकच पान लिहावे: या महिन्यात कामाचा शेवट किती दिवसांनी हलला, कशामुळे हलला आणि त्याचा खर्च कोणाकडे. ज्याला ते पान मान्य नाही त्याने २८ दिवसांत लेखी हरकत घ्यावी. घेतली नाही तर ते पुढे पुरावा म्हणून कायम. जिल्हा परिषदेच्या छोट्या रस्त्याला किंवा शाळेच्या दोन खोल्यांना असा तज्ज्ञ परवडणार नाही, तिथे शाखा अभियंता आणि कंत्राटदाराचा सुपरवायझर यांनी महिनाअखेरीस एका वहीत तारखेसह सह्या कराव्यात आणि तिची छायाप्रत त्याच दिवशी उपविभागीय कार्यालयात जावी, म्हणजे मागाहून नवी वही लिहिता येणार नाही. बदल्या थांबणार नाहीत, हे मान्यच आहे. चालू कामावर नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला पहिल्या दिवशी आज नेमके काय मिळते, एवढे तरी प्रत्येक खात्याने आपल्या कोणत्याही पाच कामांवर जाऊन या महिन्यात तपासून पाहावे.